टपकणारा नळ
पहिल्यांदाच पाना हातात घेतोयस ना? मग आधी गच्चीवरच्या टाकीचा वॉल्व्ह बंद कर. मी विसरलो होतो; न्हाणीघरात कारंजं, आणि आई दारात फडकं घेऊन उभी! नळ जुना, बरेच फेरे फिरवून उघडायचा असेल तर आतला वॉशर, म्हणजे पाणी अडवणारी रबरी चकती, काढून बघ. आपल्या इंदुरात बोअरचं पाणी जड. वॉशर बसतो त्या कडेवर पांढरा क्षार चढतो. तो व्हिनेगरने सोडव, नाहीतर नवा वॉशरही टपकणारच. जुना वॉशर खिशात टाकून सियागंजच्या बाजारात जा, अंदाजाने आणू नकोस. पाव फेऱ्यात उघडणारा नळ असेल तर वॉशर शोधत बसू नकोस, बहुतेक आतलं कार्ट्रिजच, म्हणजे पाणी उघड-बंद करणारा अख्खा सुटा भागच, बदलावं लागतं. आणि गळती रोखायला नळाच्या आट्यांवर लावतात ती पातळ टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनेच गुंडाळ, उलटी गुंडाळलीस तर नळ बसवताना गोळा होऊन बाहेर येते.