ओळीपाशी थांब

बाय,

तुझी बावीस प्रश्नांची यादी वाचली. शनिवारी पणजीला मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या सभागृहात एवढ्या नावाजलेल्या कवीची मुलाखत घ्यायची, म्हणून रात्र जागवलीस, दिसतंय. तरी सांगतो, फाड ती यादी. ‘प्रेरणा कुठून मिळाली’, ‘तरुणांना काय संदेश द्याल’ हे विचारायला त्यांची एकही कविता वाचलेली असावी लागत नाही. संग्रह उघड, एका ओळीपाशी थांब आणि प्रश्न तिथून काढ.

‘मी घरात कोंकणी बोलते, मराठी कवितेवर बोलायचा मला काय अधिकार?’ हे वाचून मात्र राग आला. अगं, आपल्या बोरीच्या बाकीबाब बोरकरांनी दोन्ही भाषांत लिहिलं. मराठीने त्यांना डोक्यावर घेतलं आणि १९८१चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो कोंकणी संग्रहाला. तुझे पाहुणेही दोन्हीकडचे. त्यांनी स्वतःच दोन्ही भाषांत केलेली एखादी कविता शोध, दोन्ही रूपं त्यांच्याकडून वाचून घे. कोंकणीतला एखादा शब्द मराठीत येताना त्यांनी सोडून दिला असेल. तो तुलाच दिसेल, पुण्याहून आलेल्या समीक्षकाला नाही.

हे मी इतकं ताणून का सांगतो? पंचवीस वर्षांपूर्वी मीही अशीच यादी घेऊन स्टेजवर बसलो होतो. त्या कवींनी आईवरची कविता वाचली. शेवटच्या ओळीत एकच शब्द होता, ‘अजून’. तो उच्चारण्याआधी ते इतका वेळ थांबले की मागचा पंखा ऐकू येऊ लागला. त्यांचं बोट पानावर त्या शब्दाखाली टेकलेलं होतं, मला दिसत होतं. आणि मी पुढचा प्रश्न वाचला, पुरस्कारांबद्दलचा.

रात्री त्यांना गाडीने फोंड्याला सोडत होतो. बाणस्तारीच्या पुलावर ते आपणहून म्हणाले, “तिथे आधी सोळा ओळी होत्या. आई गेली त्या रात्री सगळ्या खोडल्या. तेवढाच शब्द राहिला.” जे ऐकायला सभागृह भरलं होतं, ते मी एकट्याने ऐकलं. पुढच्या वर्षी ते गेले.

तेव्हापासून मी हट्टी झालो. माझ्या कार्यक्रमात आधी कविता, मग त्या ओळीवर प्रश्न, मग तीच कविता पुन्हा. त्यासाठी वेळ हवा म्हणून अध्यक्षांचं भाषण आखडतं घ्यायला लावलं, शाली-श्रीफळं शेवटाला ढकलली. एका संस्थेने त्यानंतर मला बोलावणंच बंद केलं. आडमुठा म्हणतात. म्हणू देत. दहा मिनिटं सत्कारात गेली तर कवीच्या तोंडून दोन कविता कमी ऐकायला मिळतात, हे मला अजूनही सहन होत नाही.

तुला भीती वाटते की ते गप्प बसले तर? बसू देत. मध्ये बोलू नकोस. पाण्याचा ग्लाससुद्धा पुढे करू नकोस.

शनिवारी अर्धा तास आधी पोच. प्रवेशद्वारातल्या भिंतींवरच्या चित्रांच्या फरशा नीट बघ. तिथे पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग आहेत आणि आपण सगळे चप्पल वाजवत त्यांच्यासमोरून जातो.

त्याआधी गुरुवारी संध्याकाळी घरी ये, संग्रह आणि पेन्सिल घेऊन. यादी आणू नकोस. आलीस की पान उघडून मला तुझी ओळ दाखव.

तुझा,
सर