मीटरवर ५८, चलनात ६६: कॅलिब्रेटर बसवण्याआधी स्प्रॉकेटचं बघा

प्रश्न : मी नाशिकला राहतो, अंबड एमआयडीसीत नोकरीला आहे. एकवीस महिन्यांपूर्वी नवी मोटरसायकल घेतली. चार महिन्यांपूर्वी शहरात, साठची मर्यादा असलेल्या रस्त्यावर, ६६ च्या वेगाचं हजार रुपयांचं ई-चलन निघालं. मेसेज वडिलांच्या जुन्या नंबरवर गेला, मला दीड महिन्याने कळलं. त्या दिवशी मीटरवर ५८ च्या पुढे आकडा गेला नव्हता, याची मला खात्री आहे. मोबाइलच्या जीपीएसशी ताडून पाहिलं, तर मीटर खरंच कमी दाखवतो. शोरूमवाले म्हणतात, मीटर ठीक आहे. माझा मेकॅनिक म्हणतो, कॅलिब्रेटर (मीटरचा आकडा दुरुस्त करणारी डबी) बसवला की सगळं बरोबर येईल. सेन्सर पुढच्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाच्या, कव्हरखाली आहे, ते त्याने उघडून दाखवलं. (हायवेला गाडी शांत चालावी म्हणून गेल्या वर्षी त्याच्याकडून स्प्रॉकेट बदलून घेतले होते : पुढे १४ ऐवजी १५ दात, मागे ४५ ऐवजी ४२.) कॅलिब्रेटर कायदेशीर आहे का? चलन रद्द होईल का? कंपनीकडून भरपाई मिळेल का?

उत्तर : तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं तुम्ही कंसात टाकलेल्या वाक्यात आहेत. मीटरच्या तक्रारीची पत्रं मला बरीच येतात आणि त्यांतल्या बहुतेकांत गाडीत केलेला बदल असाच जाता जाता सांगितलेला असतो. काही जण तर तो सांगतही नाहीत, समोरच्या वकिलाच्या उलटतपासणीत तो बाहेर येतो.

आधी हिशेब करू. तुमच्या गाडीत वेग चाकावर मोजला जात नाही. गिअरबॉक्समधून बाहेर येणारा शाफ्ट किती फिरला, ते सेन्सर मोजतो. मूळ स्प्रॉकेट गृहीत धरून मीटर त्याचा वेग काढतो. पुढचा स्प्रॉकेट १४ चा १५ केला की शाफ्टच्या तेवढ्याच फेऱ्यांत चाक सुमारे सात टक्के जास्त फिरतं. मागचा ४५ चा ४२ केला की आणखी सात टक्के. दोन्ही मिळून फरक पंधरा टक्क्यांच्या जवळ जातो. ५८ ला १५/१४ ने गुणा, मग ४५/४२ ने गुणा : उत्तर साडेसहासष्ट येतं. चलनावर ६६ आहे. तुमच्या मीटरमध्ये दोष असल्याचं यातून कुठेच दिसत नाही. दिसतं ते एवढंच, की पोलिसांच्या यंत्राने वेग बरोबर मोजला.

म्हणून सगळ्यात तातडीचं सांगतो. चलनाविरुद्ध तक्रार लिहून ठेवली असेल आणि तीत ‘माझ्या मीटरवर ५८ दिसत होते’ असं वाक्य असेल, तर ती पाठवू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ ला चालकाला काय वाटत होतं याच्याशी कर्तव्य नाही. वेग मर्यादेच्या वर होता की नाही, एवढंच ते विचारतं. मीटर कमी दाखवत होता असं लिहिणं म्हणजे मी साठच्या वर होतो हे स्वतःच्या सहीने कबूल करणं. त्यापुढे ‘कारण मी स्प्रॉकेट बदलले’ असं लिहिलंत, तर नवीनच विषय उघडतो. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये कायद्याने परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे आणि बाहेरून बसवलेल्या सुट्या भागांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. स्प्रॉकेटचे दात आरसीवर नसतात, गाडीच्या मूळ स्वरूपात फरक पडत नाही, असा युक्तिवाद करता येतो आणि मी तो करीनही. पण सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात गाडीतल्या बदलांबद्दलच्या कलम ५२ चा अर्थ बराच कडक लावला आहे. हजाराच्या चलनासाठी तो धोका ओढवून घेऊ नका.

चलन लढवायचंच असेल, तर लढाई त्यांच्या यंत्रावर होते, तुमच्या मीटरवर नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये आलेल्या नियम १६७-अ प्रमाणे अशा यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं आणि ते दरवर्षी नवं करावं लागतं. रडारवर चालणाऱ्या वेगमापकांसाठी वैधमापनाचे (वजन-मापांच्या कायद्याखालचे) स्वतंत्र नियम १ जुलै २०२५ पासून लागू आहेत. त्यांत पडताळणी आणि शिक्का आवश्यक आहे. त्या यंत्राचं त्या तारखेचं प्रमाणपत्र माहिती अधिकारात मागा. फोटोत नंबर तुमचाच आहे का, तेही पाहा. नियम १६७-अ मध्ये घटनेपासून पंधरा दिवसांत नोटीस पाठवण्याची अट आली; या नियमांत दुरुस्त्या होत असतात, म्हणून घटनेच्या दिवशी लागू असलेला मजकूर वाचा. पण ‘मला दीड महिन्याने कळलं’ हा मुद्दा तुमच्या उपयोगाचा नाही. नोटीस कधी पाठवली ते पाहतात, तुम्ही कधी वाचली ते नाही. आरटीओच्या नोंदीत वडिलांचा बंद पडलेला नंबर ठेवला, यात पोलिसांचा दोष कसा? परिवहनच्या पोर्टलवर तो घरबसल्या बदलता येतो. आजच बदला.

लोकअदालतीची वाट पाहत असाल, तर एक लक्षात घ्या. तिथे तडजोड होते, पुरावा तपासला जात नाही आणि तिच्या निवाड्यावर अपील नाही. चलन चुकीचं आहे हे सिद्ध करायची ती जागा नव्हे. प्रमाणपत्रात काही खोट निघाली नाही, तर माझा सल्ला सरळ आहे : हजार रुपये भरा आणि विषय संपवा. मात्र भरण्याआधी ठरवा. एकदा भरल्यावर वाद उरत नाही.

आता कंपनीकडे वळू. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ६९ ने तक्रारीला दोन वर्षांची मुदत दिली आहे. ती कधीपासून मोजायची यावर वाद घालता येतो, पण सावधपणे धरायचं तर गाडी ताब्यात आल्याच्या दिवसापासून. म्हणजे तुमच्या हातात तीन महिने आहेत. आणि या एकवीस महिन्यांत, शोरूमला इतक्या सर्व्हिसिंग करूनही, एकाही जॉब कार्डवर मीटरची तक्रार तुम्ही नोंदवल्याचं पत्रात म्हटलेलं नाही. काउंटरवर तोंडी सांगितलेलं ग्राहक आयोगापुढे टिकत नाही. जॉब कार्डवर ‘ग्राहकाची तक्रार’ हा रकाना असतो, त्यात लिहून घ्यायचं आणि प्रत घरी आणायची. हे मी किती वर्षं सांगतो आहे.

तरीही मुदत ही तुमची मुख्य अडचण नाही. वॉरंटीची पुस्तिका काढा आणि ‘वॉरंटी कशाला लागू नाही’ ते पान वाचा. मान्यता नसलेला भाग बसवला किंवा बदल केला, तर त्यातून आलेल्या दोषाला कंपनी जबाबदार नाही, अशा आशयाचं कलम तिथे जवळजवळ नेहमी सापडतं. तुमच्या बाबतीत ते कलम तंतोतंत लागू पडतं. आयोगाने ग्राहक कायद्याच्या कलम ३८ खाली गाडी तपासणीला पाठवली, तर तपासणारा आधी चेनचं कव्हर उघडेल. दातांचा आकडा बहुतेक स्प्रॉकेटवर छापलेलाच असतो. मेकॅनिकच्या बिलावर नुसतं ‘चेन किट’ लिहिलं असलं, तरी त्याने काही झाकलं जाणार नाही. आणि गाडीत कोणताही बदल केलेला नाही असं प्रतिज्ञापत्र देण्याचा विचारही करू नका.

दार अगदी बंद झालंय का? नाही, पण ते एकाच मार्गाने उघडतं. मूळचे १४ आणि ४५ चे स्प्रॉकेट परत बसवा, बिलावर दातांचे आकडे लिहून घ्या आणि मग मोजा. मीटरबाबत बऱ्याच देशांत पाळलं जाणारं तत्त्व असं, की त्याने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचं नाही. थोडं जास्त दाखवलेलं चालतं. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ व्या विनियमात मान्यतेच्या चाचणीसाठी ही सूट खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी चार किलोमीटर इतकी आहे. म्हणजे खऱ्या साठला मीटरवर सत्तरपर्यंत. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम ११७ मीटर बसवणं बंधनकारक करतो, तर त्याच्या अचूकतेचं मानक आयएस ११८२७ हे आहे. मूळ स्प्रॉकेटवरही मीटर कमी दाखवत असेल, तर तक्रारीत दम आहे. तेव्हा शोरूमला लेखी पत्र द्या, नव्या जॉब कार्डवर नोंद करा आणि तीन महिन्यांच्या आत नाशिकच्या जिल्हा आयोगात तक्रार दाखल करा; पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही. मोबाइलवरचं चित्रीकरण जोडणार असाल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत द्या. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल द्यावा, तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात तारखांवर वर्षं जातात, हे मनाशी धरूनच दाखल करा. ज्या माणसाचं म्हणणं खरं आहे, त्यालाही आपल्याकडे इतकं थांबावं लागतं, याचा मला संताप येतो; पण म्हणून तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही.

मूळ स्प्रॉकेटवर मीटर बरोबर आला, तर कंपनीचा विषय तिथेच संपला. माझा अंदाज हाच आहे.

राहिला कॅलिब्रेटर. सेन्सर आणि मीटरच्या मध्ये बसणारी ही छोटी डबी सेन्सरकडून येणाऱ्या स्पंदनांची संख्या ठरवलेल्या टक्क्याने वाढवते किंवा घटवते. स्पीडोहीलर हे त्यातलं परिचित नाव. मीटर खरा वेग दाखवावा म्हणून तो बसवण्यावर थेट बंदी घालणारं कलम मला कायद्यात सापडलेलं नाही. उलट नियम ११७ च्या हेतूला ते धरूनच आहे. विमा कंपनी अपघातानंतर न कळवलेल्या बदलाचा मुद्दा काढू शकते, म्हणून त्यांना आधी ई-मेल करा. वॉरंटी शिल्लक असेल तर वायर कापून जोड देऊ नका. कनेक्टरला कनेक्टर जुळणाराच संच घ्या. आणि ज्या गाड्यांत मीटरला वेग एबीएसच्या चाकावरच्या सेन्सरकडून मिळतो, त्या वाचकांनी एबीएसच्या वायरीला हात लावू देऊ नये, मेकॅनिक कितीही ओळखीचा असला तरी. तिथे प्रश्न ब्रेकचा आहे.

पण यात एक गोष्ट मेकॅनिक सांगत नाही. ओडोमीटरही त्याच स्पंदनांवर चालतो. स्प्रॉकेट बदलल्यापासून तुमची गाडी चालली त्यापेक्षा सुमारे तेरा टक्के कमी किलोमीटर नोंदले गेले आहेत. उद्या गाडी विकली आणि घेणाऱ्याला हे कळलं, तर तो फसवणुकीची तक्रार करील. तेव्हा ‘माझा हेतू नव्हता’ हे कागदावरूनच दाखवावं लागेल. म्हणून मूळ स्प्रॉकेटवरची मोजणी झाल्यानंतर, नवे स्प्रॉकेट ठेवायचेच असतील तरच कॅलिब्रेटर घ्या. बसवताना ओडोमीटरचा फोटो काढा. बिलावर तारीख, तेव्हाचा किलोमीटरचा आकडा, स्प्रॉकेटचे दात आणि कॅलिब्रेटरला दिलेला टक्का, हे चारही लिहून मेकॅनिकची सही-शिक्का घ्या. टक्का असा ठेवा, की मीटर जीपीएसवरच्या खऱ्या वेगाइतकाच आकडा दाखवेल; त्याहून कमी दाखवेल असा अजिबात नको. ते बिल आरसीच्या पाकिटात ठेवा आणि गाडी विकाल तेव्हा त्याची प्रत घेणाऱ्याच्या सहीनिशी त्याला द्या.