इंजिन उघडण्याआधी ४०१-के उघडू नका

ओहायोहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ४७, अमेरिकन नागरिक, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, मुलगी अकरावीत, आईवडील साताऱ्याला. सहा वर्षांपूर्वी त्यांनी १९७५ सालचं सेसना १७२ हे छोटं विमान घेतलं, वर्षाला साधारण ४५ तास उडवतात. यंदाच्या वार्षिक तपासणीत तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन (तो हवेचा दाब किती धरून ठेवतो ते) ८० पैकी ५२ भरलं. बाकी तिघांचं ७० च्या वर आहे. ऑइल फिल्टर कापून पाहिल्यावर घड्यांमध्ये धातूचे चार-पाच बारीक कण मिळाले. इंजिनचं ओव्हरहॉल (पूर्ण उघडून नव्यासारखं करणं) १९९८ साली झालेलं, त्यानंतर १,७८० तास झालेत. एका वर्कशॉपनं पूर्ण ओव्हरहॉलचे ३८,००० डॉलर सांगितले आणि वर ‘२,००० तासांनंतर उडवणं बेकायदा आहे’ असंही सांगितलं. नेहमीचा मेकॅनिक एकच सिलिंडर बदलू म्हणतो, ४,२०० डॉलरमध्ये. ब्रोकरच्या मते विमान आहे तसं विकलं तर ६२,००० येतील, ओव्हरहॉल करून विकलं तर ८८,०००. आणीबाणीसाठी बाजूला ठेवलेले २८,००० आहेत, मुलीच्या ५२९ खात्यात (कॉलेजसाठीच्या बचतीच्या) ६१,०००. प्रश्न असा: ४०१-के (नोकरीतलं निवृत्तीचं खातं) मधून कर्ज काढून ओव्हरहॉल करावं, की पत्नी म्हणते तसं विकून मोकळं व्हावं?

नमस्कार,

कर्ज काढू नका, आणि घाईघाईनं विकूही नका. तुमच्या विमानाला नेमकं काय झालंय हेच अजून कुणाला कळलेलं नाही. ४,२०० चं काम आहे की ३८,००० चं, हे ठरण्याआधी पैसे कुठून आणायचे याचा विचार सुरू झालाय. क्रम उलटा झाला, इतकंच.

मी मेकॅनिक नाही. पण नऊ वर्षं एका पायपर चेरोकी विमानात माझा तिसरा हिस्सा होता आणि त्या काळात एक चूक मी स्वतः पैसे मोजून शिकलो. एका वर्कशॉपनं कमी कॉम्प्रेशन पाहून चारही सिलिंडर बदलायला सांगितले. आम्ही तिघांनी मान डोलावली. जुने सिलिंडर नंतर दुसरीकडे तपासले, तेव्हा त्यातल्या तिघांना काहीही झालेलं नव्हतं. आत बघायला एक तास लागला असता, तो आम्ही कुणाकडे मागितलाच नाही.

म्हणून तुम्ही तो तास मागा. ५२ हा आकडा एकटा काही सांगत नाही. हवा कुठून निसटतेय ते ऐकावं लागतं. एक्झॉस्टच्या पाइपातून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरकडून आली तर इन्टेक व्हॉल्व्ह, ऑइल घालायच्या तोंडातून आली तर पिस्टनच्या रिंग्ज. मेकॅनिकला दोन गोष्टी विचारा: चाचणी इंजिन गरम असताना केली होती का, आणि हवा कुठून येत होती. थंड इंजिनवर घेतलेल्या आकड्यावर कुणी ३८,००० डॉलर लावू नयेत. मग बोरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पाहायला सांगा आणि फोटो स्वतः ठेवून घ्या. चांगल्या व्हॉल्व्हवर रंगाची वर्तुळं मध्यावर, सारखी दिसतात. जळायला लागलेल्या व्हॉल्व्हची एक कड वेगळ्या रंगाची असते. ती तुम्हालाही ओळखता येईल.

धातूचे कण मात्र मी हलक्यात घेणार नाही. त्यांच्याजवळ लोहचुंबक न्या. चिकटले तर पोलाद, म्हणजे कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), टॅपेट (त्या दांड्याला टेकून हलणारा भाग) किंवा रिंग्ज यांच्याकडे संशय जातो. चिकटले नाहीत तर ॲल्युमिनियम किंवा व्हॉल्व्ह गाइडचं ब्राँझ असू शकतं. तुमच्या लायकॉमिंग ओ-३२० इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या (पिस्टननी फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) वर बसवलेला आहे. विमान आठवडेच्या आठवडे उभं राहिलं की त्याच्यावरचं ऑइल निथळून जातं, दमट हवेत गंज धरतो, आणि पुढच्या उड्डाणांत तो गंज टॅपेटचा पृष्ठभाग खात जातो. वर्षाला ४५ तास आणि तेही बहुतेक मे ते ऑक्टोबर, हा आकडा मला तासांच्या मीटरपेक्षा जास्त खटकतो. लॉगबुक उघडा आणि हिवाळ्यात सलग किती दिवस विमान हललं नाही ते मोजा.

इथे तुमच्या मेकॅनिकचा सल्ला दिसतो त्याहून शहाणा आहे. तिसरा सिलिंडर खरंच काढायची वेळ आली, तर त्या भोकातून कॅमचे काही लोब (उंचवटे) आणि टॅपेट डोळ्यांनी पाहता येतात. सिलिंडर काढण्याचे पैसे दिलेलेच असतील, पाहणी जवळजवळ फुकट. कॅम गुळगुळीत दिसला आणि कण पोलादाचे नसले, तर सिलिंडर दुरुस्त करा किंवा बदला, उडवा, २५ तासांनी पुन्हा फिल्टर कापा, ऑइलचा नमुना लॅबला पाठवा. कॅमला खड्डे दिसले तर मात्र वाद संपला. या इंजिनात टॅपेट बदलायला क्रँककेस (इंजिनची मुख्य पेटी) दुभंगावी लागते, आणि ओव्हरहॉलला इतकी वर्षं झालेलं इंजिन दुभंगल्यावर अर्धवट काम करून परत जुळवण्यात अर्थ नाही.

बोरस्कोप, पुन्हा कॉम्प्रेशन, ऑइलची लॅब तपासणी हे सगळं तुमच्या मेकॅनिकच्या तासाच्या दरानं ५०० डॉलरच्या आत बसावं. पहिला खर्च हाच.

बेकायदा वगैरे जे तुम्हाला सांगितलं ते बरोबर नाही. २,००० तास किंवा १२ वर्षं ही लायकॉमिंगची शिफारस आहे. स्वतःच्या वापरासाठी, भाडं न घेता उडवणाऱ्या मालकावर एफएएनं (अमेरिकेच्या विमान-नियामक खात्यानं) ती बंधनकारक केलेली नाही. तुमच्यावर बंधन आहे ते दर बारा महिन्यांनी आयए (तपासणीचा अधिकार) असलेल्या मेकॅनिककडून वार्षिक तपासणीचं आणि एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह (सुरक्षिततेसाठीचे सक्तीचे आदेश) पाळण्याचं. सेसनाच्या सीट-रेलची (सीट ज्यावर सरकते त्या पट्टीची) तपासणी त्यातलीच, ती कागदोपत्री नीट आहे का तेही पाहून घ्या. शिफारशीला कायदा म्हणून विकणाऱ्या वर्कशॉपकडे मी माझं इंजिन देणार नाही.

आता पैशांकडे. ४०१-के मधून ३८,००० पाच वर्षांच्या मुदतीनं घेतले, तर व्याज धरून महिन्याला ७८० डॉलरच्या आसपास पगारातून जातील. हीच वर्षं मुलीच्या कॉलेजची. आणि सॉफ्टवेअरमधली नोकरी मध्येच सुटली, तर उरलेलं कर्ज त्या वर्षाच्या टॅक्स रिटर्नच्या मुदतीपर्यंत स्वतःच्या खिशातून आयआरएत (निवृत्तीच्या वैयक्तिक खात्यात) भरावं लागतं. नाही जमलं तर ती रक्कम उत्पन्न धरली जाते आणि तुमच्या वयाला वर १० टक्के दंड. नोकरी गेलेल्या वर्षात हे बिल येतं, हे लक्षात घ्या. घरावर कर्ज काढायचा विचार डोक्यात आला असेल तर त्याच्या व्याजावर वजावट मिळणार नाही, कारण पैसे घराला लागत नाहीयेत. २८,००० ला तर हात लावायचाच नाही. साताऱ्याहून रात्री फोन आला तर त्याच पैशातून दोन तासांत तिकीट निघतं.

ब्रोकरचे आकडे नीट वाचा. ३८,००० घातले की किंमत २६,००० नी वाढते. म्हणजे विकायचंच असेल तर ओव्हरहॉल करून विकणं हा १२,००० चा तोटा आहे. विकायचं तर आहे तसं विका, कॉम्प्रेशनचा आकडा, फिल्टरचे फोटो सगळं गिऱ्हाईकाच्या हातात देऊन.

मग ठेवणं परवडतं का? तुमच्या पत्रातल्याच आकड्यांवरून मांडतो. हँगर ४,२००, विमा १,४००, वार्षिक तपासणी ३,०००, बाकी किरकोळ ४००. वर्षाचे ९,०००, विमान उडो न उडो. ४५ तासांनी भागलं की तासाला २००. पेट्रोल तासाला आठ गॅलन, तुमच्या विमानतळाच्या ६.२५ च्या दरानं ५०, ऑइल-टायर ५. आणि इंजिनचं काय? बरेच जण ३८,००० ला २,००० तासांनी भागून १९ डॉलर धरतात. पण तुमच्या वेगानं २,००० तास व्हायला ४४ वर्षं लागतील. इंजिन २० वर्षं टिकलं असं धरू, म्हणजे ९०० तास, म्हणजे तासाला ४२. एकूण २९७. तुमच्या क्लबमध्ये असंच सेसना तासाला १७५ डॉलर भाड्यानं मिळतं. एकट्यानं विमान ठेवून ते भाड्याच्या बरोबरीला आणायचं तर वर्षाला ९१ तास उडवावं लागेल. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो मसाला हा.

गेली सहा वर्षं तासाला हे ४२ डॉलर बाजूला पडले नाहीत. त्यामुळे आज आलेला खर्च अचानक वाटतो, पण तो २७० उड्डाण-तासांत थोडाथोडा झालेलाच होता. वहिनींना घरखर्चात खड्डा पडल्यासारखं वाटतंय ते त्यामुळेच, आणि त्यांचं वाटणं बरोबर आहे.

आता एक भागीदार धरा, तोही वर्षाला ४५ तास उडवणारा. कायमचा खर्च प्रत्येकी ४,५००, तासाला १००. विमान वर्षाला ९० तास उडतं, म्हणून इंजिनचा वाटा ४२ वरून २१ वर येतो. १०० अधिक ५५ अधिक २१, म्हणजे १७६. क्लबच्या भाड्याइतकं. आणि विमान दुप्पट उडाल्यानं कॅमवर ऑइल राहतं, तो फायदा वेगळा.

ओव्हरहॉल करावंच लागलं तरी हीच वाट कर्जाशिवाय नेते. आहे त्या स्थितीत अर्धा हिस्सा ३१,००० ला द्या. ओव्हरहॉलचे तुमचे अर्धे १९,००० त्यातून भरा. १२,००० उरतात, ते इंजिन फंडाच्या वेगळ्या खात्यात टाका. भागीदार मिळालाच नाही आणि कॅम खराब निघाला, तर माझा सल्ला विकण्याचा आहे. मुलगी कॉलेजातून बाहेर पडेपर्यंत क्लबचं विमान उडवा. त्यानं मनाला लागेल हे मला माहीत आहे, मलाही लागलं होतं.

भागीदार शोधताना मंडळातल्या मित्रांना विचाराल, म्हणून सांगतो: अमेरिकेत व्यक्तीच्या नावावर विमानाची नोंदणी करायची तर ती नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्यांच्याच नावावर होते. एच-वन-बीवरचा मित्र कितीही चांगला पायलट असला तरी सहमालक म्हणून नाव घालता येणार नाही. एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) करायची म्हटली तर नागरिकत्वाचे नियम आणखी कडक आहेत. त्यासाठी विमानांचं काम करणारा वकील गाठा. करारात बाहेर पडण्याची पद्धत, दर तासाला इंजिन फंडात किती टाकायचं आणि शनिवार-रविवार कुणाचा, एवढं तरी लिहा.

विम्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मी विचारतो. टर्म इन्शुरन्स घेताना तुम्ही स्वतः विमान उडवता हे लिहिलं होतं का? नसेल तर पॉलिसी काढा, खाजगी उड्डाणाबद्दलचं कलम वाचा आणि वगळलेलं असेल तर जादा प्रीमियम भरून घालून घ्या. घराची अंब्रेला पॉलिसी (नेहमीच्या विम्यावरची जादा लायबिलिटी) बहुधा विमानाची जबाबदारी घेत नाही. विमानाच्या लायबिलिटीत दहा लाख लिहिलेलं असलं तरी प्रवाशामागे एक लाखाची मर्यादा असते का ते पाहा. तुमच्या विमानात प्रवासी म्हणून घरचीच माणसं बसतात.

खर्च कमी करायला एक हक्काची जागा आहे. ऑइल बदलणं, स्पार्क प्लग काढून साफ करणं, टायर बदलणं ही कामं पायलट-मालकाला स्वतः करून लॉगबुकात नोंदवता येतात. मेकॅनिकजवळ उभं राहून एकदा शिका. ऑइल ५० तास किंवा चार महिने, जे आधी होईल तेव्हा बदला. तुमच्या बाबतीत चार महिनेच आधी येतात. आणि हिवाळ्यात हँगरपाशी दहा मिनिटं नुसतं इंजिन चालवून बंद करत असाल तर ते थांबवा. ऑइलमधलं पाणी तेवढ्यात उडत नाही, उलट वाढतं. उडवायचं तर तासभर उडवा.

सिलिंडर काढून परत बसवला गेला तर पहिलं उड्डाण एकट्यानं, दिवसाउजेडी, विमानतळाच्या वर घिरट्या घालत करा. सिलिंडरचे नट योग्य टॉर्कला (जोराला) आवळले गेले नाहीत तर इंजिन हवेत निकामी होऊ शकतं. पहिले दहा तास वहिनी आणि मुलगी खालीच राहू द्या.

बोरस्कोपचे फोटो आणि चुंबकाचा निकाल आला की मला पाठवा. आकडे पुन्हा मांडू.