हाड जुळेपर्यंत राजीनामा नको

प्रश्न : मी निपाणीजवळच्या खेड्यात राहतो, वय 42. चार महिन्यांपूर्वी राष्ट्रीय महामार्ग 48 वर दुचाकीचा अपघात होऊन मांडीचे हाड मोडले. आत सळई बसवली आहे. वीस वर्षे कागलच्या एमआयडीसीत फाउंड्रीतल्या पाळ्या केल्या, घरच्या शेताकडे लक्ष दिले नाही. आता तंबाखूची डबी घेऊन दिवसभर सोप्यात बसलो की वाटते, आयुष्य चुकीच्या वाटेने गेले. नोकरी सोडून शेती करावी का?

उत्तर : मांडीचे हाड जुळायला साधारण तीन ते सहा महिने लागतात आणि आटलेल्या स्नायूंना बळ येण्यास त्याहून अधिक काळ जातो, म्हणून आजच्या पायाकडे पाहून वीस वर्षांचा हिशेब मांडू नका. आपल्या निपाणी भागाची चूल तंबाखूवर पेटत आली आहे हे मी जाणते, तरीही स्पष्ट लिहिते : विडी असो वा चुना लावून मळलेली चिमूट, निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड जुळणे लांबते. ती डबी आजच दूर करा.

ज्या पगारावर घर चालले, त्या वाटेला चुकीची म्हणणे मला अन्यायाचे वाटते. शिवाय ओल्या सरीत उतरणे फाउंड्रीतल्या पाळीपेक्षा हलके नाही. डॉक्टरांनी काठी सोडायला सांगितली की सुट्टीच्या दिवशी बांधावर जा, एका हंगामाचा सोयाबीनचा खर्च आणि उत्पन्न वहीत लिहा आणि ती वही पत्नीसमोर ठेवून मगच राजीनाम्याचा विषय काढा.