नाला महापालिकेचा, माल तुमचा

प्रश्न : भाड्याच्या तळघरात माझं रेडिमेड कपड्यांचं दुकान आहे. शेजारून नाला जातो. सप्टेंबरच्या शेवटी एका रात्रीत कंबरभर पाणी शिरलं आणि सणासाठी भरलेला चारेक लाखांचा माल गेला. नालेसफाई उन्हाळ्यात झाली होती, पण काढलेला गाळ काठावरच टाकला, तोच परत नाल्यात गेला. जूनपासून गल्लीत सगळे हेच बोलत होते. तीन वर्षांपूर्वीही घोटाभर पाणी आलं होतं. यंदा पंचनामा झाला, पुढे काही नाही. घरमालक म्हणतात, पाऊस काय मी पाडला? महापालिकेवर दावा लावता येईल का?
(एक व्यापारी, मराठवाडा. नाव-गाव विनंतीवरून गाळलं आहे.)

उत्तर : येईल. मात्र लग्नसराई आटोपू द्या, मग बघू, असं करू नका. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 487 प्रमाणे आधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. तुमची मुदत मार्चअखेर संपते. नोटिशीचा महिना त्यातून वजा होतो की नाही, या वादात पडूच नका. याच महिन्यात नोटीस द्या, मुख्य कार्यालयाच्या आवक विभागात, आणि पोहोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

गटारं बांधणं, सांभाळणं आणि साफ ठेवणं हे त्याच कायद्याच्या कलम 63 नुसार महापालिकेचं बंधनकारक काम आहे. निधी नाही, ही सबब मध्य प्रदेशातल्या रतलाम नगरपालिकेविरुद्ध रहिवाशांनी गटारांसाठी लढलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1980 सालीच उडवून लावली. पण तो आदेश काम करून घेण्याचा होता. भरपाई मागायची तर हलगर्जी झाली आणि तिच्यामुळेच माल भिजला, हे दोन्ही तुम्हाला सिद्ध करावं लागेल.

समोरचा वकील काय म्हणणार ते आत्ताच सांगतो : अतिवृष्टी होती, दैवी आपत्ती होती. महसूल मंडळात (तालुक्यातल्या काही गावांच्या महसुली गटात) 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की सरकारी भाषेत ती अतिवृष्टी. गंमत अशी की तहसीलमधून मदत मिळवायला तुम्हाला हाच आकडा लागतो आणि दाव्यात तोच तुमच्यावर उलटवला जातो. म्हणून नोटिशीत पावसाबद्दल कमी आणि गाळाबद्दल जास्त लिहा. माहिती अधिकारात नालेसफाईचा कार्यारंभ आदेश (ठेकेदाराला काम सुरू करायला दिलेला), मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची नोंदवही) आणि ठेकेदाराचं बिल मागा. गाळ उचलून नेण्याची अट असेल आणि बिल पूर्ण निघालं असेल, तर काठावरच्या ढिगाचा मोबाइलमधला तारखेसह फोटो लाखमोलाचा ठरेल. गल्लीत कुणाकडे तरी तो असणारच.

आता तुम्हाला न आवडणारं बोलतो. जूनपासून सगळे बोलत होते, पण वॉर्ड ऑफिसला एक अर्ज तरी दिला का? पत्रात तसा उल्लेख नाही. तो असता तर ‘माहीत असूनही काही केलं नाही’ एवढं एका कागदावर सिद्ध झालं असतं. शिवाय तीन वर्षांपूर्वी पाणी येऊनही माल फरशीवर होता, असं निघालं तर तुमचीही हयगय धरून कोर्ट रक्कम कापू शकतं. लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. अशा मुलखातला दुकानदार पुराचा विचार करत नाही, हे मी समजू शकतो. न्यायाधीश समजून घेतीलच असं नाही. महापालिकेची जबाबदारी याने संपत नाही, पण तुमचा आकडा कमी होतो.

विम्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. बँकेत कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावरचं कर्जखातं, असेल तर आज खातेउतारा तपासा. बऱ्याचदा बँक मालाचा विमा काढून हप्ता परस्पर कापते आणि दुकानदाराला पत्ताच नसतो. पॉलिसी निघाली, तर उशीर झाला असला तरी लगेच लेखी कळवा. दावा नाकारला तर ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि कोर्टापेक्षा तो रस्ता मला सोपा वाटतो.

तहसीलची मदत मंजूर झाली तर जरूर घ्या. ती सानुग्रह, म्हणजे भरपाई नव्हे तर सरकारने मदत म्हणून दिलेली, असते, ती घेतली म्हणून दाव्याचा हक्क जात नाही. मालकांचं म्हणणं अर्धं खरं आहे. भिंत-फरशीची दुरुस्ती त्यांची, नाला त्यांचा नाही.

पुढच्या पावसाळ्यासाठी मात्र एप्रिलमध्येच गल्लीतल्या दहाजणांच्या सह्यांचा अर्ज महापालिकेला द्या. दाद लागली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम 152 खाली, म्हणजे सार्वजनिक उपद्रव दूर करायला लावणाऱ्या तरतुदीखाली, उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे जा. रतलामचे लोक जुन्या कायद्यातल्या याच तरतुदीने जिंकले होते.

आणि नोटीस लिहून घेण्याआधी मालकांकडून इमारतीच्या मंजूर नकाशाची प्रत मिळवा. तळघर पार्किंगसाठी मंजूर असेल तर महापालिका सगळ्यात आधी तोच कागद पुढे करेल. तो तुमच्या वकिलाने त्यांच्या आधी पाहिलेला असला पाहिजे.