धास्ती, हादरे आणि विमानातले आवाज

तुम्ही विचारलंय की एकामागोमाग अपघातांच्या बातम्या ऐकून धास्ती बसलीय, तर पुढच्या महिन्याचं पहिलंवहिलं विमानाचं तिकीट रद्द करू का. करू नका. मात्र आकडे तोंडावर फेकून कुणाची भीती जाते, यावर माझा विश्वास नाही. २०१८ ते २०२२ या काळात जगभरात दर १ कोटी ३७ लाख प्रवाशांमागे एक मृत्यू, असा अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या अभ्यासाचा हिशेब आहे. डोक्याला पटतो, पोटातला गोळा तसाच राहतो.

माझा गोळा कमी झाला तो आवाज ओळखायला लागल्यावर. उड्डाणानंतर खालून येणारा 'धप्प' म्हणजे चाकं आत गेली. थोड्याच वेळात इंजिनांचा आवाज उतरतो आणि आपण खाली चाललोय असं वाटतं. बिघाड नसतो. सुरुवातीचा जोर तेव्हा कमी करतात, विमान चढतच असतं. एअरबस ए३२० जमिनीवर असताना कधीकधी पायाखाली कुत्रं भुंकल्यासारखं ऐकू येतं, तो हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेचा आवाज. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी उतरायच्याच बेतात होतो!

हादऱ्यांत पंख वर-खाली होताना दिसतील. ते वाकण्यासाठीच बनवलेले असतात. १९९५ मध्ये बोइंग ७७७ चे पंख चाचणीत मुद्दाम मोडले, तेव्हा उड्डाणात अपेक्षित असलेल्या कमाल भाराच्या १५४ टक्क्यांपर्यंत ते टिकले. इंजिनं बंद पडली म्हणून विमान दगडासारखं खाली येत नाही. २००१ मध्ये एअर ट्रान्सॅटच्या विमानाचं इंधन अटलांटिकवर गळून संपलं, दोन्ही इंजिनं थांबली. तसंच तरंगत ते अझोर्स बेटांवर उतरलं आणि आतले सगळे ३०६ जण वाचले.

म्हणून सगळं आलबेल आहे असं नाही. बोइंग ७३७ मॅक्सच्या दोन अपघातांत ३४६ माणसं गेली, आणि दुसऱ्या अपघातानंतरच, मार्च २०१९ मध्ये, त्या विमानांची उड्डाणं जगभर थांबवली. त्याबद्दल लोकांना येणारा राग रास्तच आहे.

तुमच्या हातातलं तेवढं सांगतो. हादऱ्यांत विमान मोडत नाही, पट्टा न लावलेला माणूस मात्र छताला आपटतो. तेव्हा पट्टा बांधायला सांगणारा डोक्यावरचा दिवा विझला तरी पट्टा सोडू नका. बसल्यावर मागच्या-पुढच्या दारापर्यंतच्या रांगा मोजा, धुरात त्या चाचपत जाता येतं. आणि बाहेर पडायची वेळ आलीच तर बॅग सोडा. जानेवारी २०२४ मध्ये टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरताना एका विमानाची दुसऱ्याशी टक्कर झाली. दुसऱ्या, छोट्या विमानातले पाच जण दगावले, पण पेटलेल्या मोठ्या विमानातून ३७९ च्या ३७९ जण बाहेर पडले.

आणि हो, आत शिरतानाच कर्मचाऱ्यांना सांगा की पहिलाच प्रवास आहे, भीती वाटते. लाजू नका, त्यांना हे रोजचं असतं. जागा शक्यतो पंखांजवळची घ्या, तिथे हादरे कमी जाणवतात.