हिचकॉकचा एकच थ्रिलर पाहायचा झाला तर कोणता पाहावा?
माझं मत 'रिअर विंडो'ला (१९५४). पन्नासहून जास्त चित्रपट केलेल्या माणसाचा एकच निवडणं तसं अन्यायाचंच, आणि 'सायको'वाले भांडायला येतीलच!

पाय प्लास्टरमध्ये अडकलेला एक फोटोग्राफर (जेम्स स्टुअर्ट) खिडकीत बसून समोरच्या बिऱ्हाडांवर नजर ठेवतो. एका घरातली आजारी बायको अचानक दिसेनाशी होते. खून झाला की याच्याच डोक्यात भुंगा शिरलाय?

गंमत अशी की कॅमेरा जवळजवळ पूर्ण वेळ त्याच्याच खोलीत असतो. बहुतेक वेळा त्याला दिसेल तेवढंच आपल्याला दिसतं. न्यूयॉर्कमधलं ते अख्खं अंगण पॅरामाउंटच्या स्टुडिओत उभारलेलं होतं. सुरुवातीचाच शॉट बघा: प्लास्टर, मोडका कॅमेरा, भिंतीवरचा रेसच्या अपघाताचा फोटो. एकही संवाद नाही आणि माणसाची सगळी हकीकत कळलेली असते.

त्याची प्रेयसी (ग्रेस केली) त्या समोरच्या घरात शिरते आणि त्या आजारी बाईचा नवरा परत येताना दिसतो, तिथे मात्र श्वास अडकतो. ओरडून सांगावंसं वाटतं, पण जेम्स स्टुअर्टसारखेच आपणही खुर्चीला खिळलेले.

पहिला अर्धा तास जरा संथ आहे. मोबाइल बाजूला ठेवा.